टोळीतला माणूस

"सायेब, ह्यात काय लिवलंय ते मराठीत सांगा," असं म्हणून तिने कागदांची गुंडाळी माझ्या टेबलावर ठेवली आणि मागे सरकून दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

मार्चमधली दुपार होती. कोर्टाची जेवणाची सुट्टी झालेली, व्हरांडे ओस पडलेले. माझी खोली जिल्हा न्यायालयाच्या मागच्या अंगाला, जुन्या फायलींच्या खोलीला लागून होती. दारावर 'भाषांतरकार' अशी पाटी. ती पाटी वाचून किंवा कोणीतरी सांगितलं म्हणून लोक इंग्रजी कागद घेऊन यायचे. कोणाचं विम्याचं पत्र, कोणाची मिलिटरीतल्या मुलाबद्दलची तार. मी वाचून दाखवायचो. त्यामुळे ती आली याचं मला काही विशेष वाटलं नाही.

तिशी-बत्तिशीची बाई. नेसायला साधं लुगडं, पण दंडापर्यंत चढवलेल्या पांढऱ्या बांगड्यांवरून ती लमाणांपैकी आहे हे कळत होतं. मनगटापासून कोपरापर्यंत बारीक काळ्या चिरा. उसाच्या पाल्याने कापून त्या तशा होतात आणि पुढे कधी जात नाहीत.

मी गुंडाळी उलगडली. वरच्या कोर्टाच्या निकालाची प्रत होती, एकतीस पानांची. ती म्हणाली, निकाल तिच्या नवऱ्याचा आहे. इथल्या कोर्टाने त्याला सोडलं होतं. तीन वर्षं तो घरी होता, तिच्याबरोबर कामाला येत होता. आता वरच्या कोर्टाने उलटा निकाल दिला आणि महिन्याभरापूर्वी पोलीस त्याला उसाच्या फडातून उचलून घेऊन गेले. का म्हणून विचारलं तर जन्मठेप झाली एवढंच म्हणाले. बाकी कोणी काही सांगितलं नाही.

पहिल्या पानावर आरोपींची नावं होती. पाचवा सोमला राठोड. खटला मला माहीत होता. त्यातल्या सगळ्या साक्षींचं मराठीतून इंग्रजी भाषांतर मीच करून वर पाठवलं होतं. खरं तर मी तिला तिथेच सांगायला हवं होतं, की बाई, हे कागद वकिलाकडे घेऊन जा. पण मला पाहायचं होतं, न्यायमूर्तींनी माझ्या भाषांतरातलं काय काय निकालात घेतलंय ते. मी तिला बसायला स्टूल दिलं. ती बसली नाही.

मी एकेक परिच्छेद वाचून तिला सोप्या भाषेत सांगत गेलो. ती मान हलवत होती. एकोणिसाव्या पानावर मी थांबलो.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही. इथे असं म्हटलंय, की सरकारी साक्षीदार नंबर सात, रंगनाथ तौर, याने कोर्टात सांगितलं की सोमला हा टोळीतला माणूस आहे. टोळी त्यांच्या रानात उतरली होती. दिवाळीपासून तो टोळीबरोबर आहे. त्याचं हे म्हणणं आरोपीच्या वकिलाने उलटतपासात खोडून काढलेलं नाही. म्हणून सोमला हा दरोडेखोरांच्या टोळीतला पाचवा माणूस होता, हे सिद्ध होतं."

ती चौकट सोडून पुढे आली.

"टोळीत व्हताच की तो," ती म्हणाली. "चौदा कोयत्यांची टोळी व्हती आमची. मी बी व्हते त्याच टोळीत. मग मला का न्हाई धरलं?"

मी कागदाकडे बघत होतो. मला समजलं नसावं असं वाटून ती मला समजावून सांगू लागली. ऊसतोडीला नवरा-बायको जोडीने जातात, त्या जोडीला एक कोयता म्हणतात. अशा चौदा जोड्या, मिळून एक टोळी. दिवाळी झाली की निघायचं आणि कारखाना नेईल त्या रानात उतरायचं. त्या साली ते रंगनाथमालकाच्या रानात उतरले होते. मालक चांगला माणूस. कोर्टात तो त्यांच्याच बाजूने बोलला होता, हा कामाचा माणूस आहे, दिवाळीपासून टोळीबरोबर आहे, असं.

मी कागद गुंडाळून तिच्या हातात दिले आणि सांगितलं, की याच्यावर दिल्लीला अपील करता येतं, सोमलाचा खटला लढलेल्या रझाकवकिलांना जाऊन भेटा. तिने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. आणखी काहीतरी ऐकायला थांबल्यासारखी. मग कागद पदरात बांधून निघून गेली. जाताना मी तिला नाव विचारलं. झमकू, म्हणाली.

आता थोडं माझ्याबद्दल सांगतो. माझं नाव दत्तात्रेय सबनीस. त्या वेळी मी त्रेचाळीस वर्षांचा होतो आणि कोर्टात माझ्या इंग्रजीचा दबदबा होता. हे इंग्रजी मला शिकवलं माझ्या आधीचे भाषांतरकार तात्या गुर्जर यांनी. फौजदारी कोर्टातल्या भाषांतरकाराला बाकी काही आलं नाही तरी चालेल, पण वाईट माणसांची नावं अचूक आली पाहिजेत, असं ते म्हणत. मराठीत आपण सरसकट चोर म्हणून मोकळे होतो. इंग्रजीत तसं चालत नाही. नुसता चोरतो तो थीफ. घर फोडून आत शिरतो तो बर्गलर. धाक घालून लुटतो तो रॉबर. खिशाला हात घालणारा उचल्या निराळा, गोड बोलून फसवणारा भामटा निराळा. मवाल्याला रफियन म्हणावं की रावडी, यावर तात्या अर्धा तास बोलू शकत. ठग आणि डकॉइट हे शब्द इंग्रजांनी आपल्याकडूनच नेले, हे सांगताना त्यांना का कोण जाणे अभिमान वाटायचा. मी हे सगळे शब्द एका वहीत उतरवून घेतले आणि पुढे त्यात स्वतःची भर घालत गेलो. स्काउंड्रल, मिस्क्रिअंट, ब्रिगंड, डेस्परॅडो. त्यातले कित्येक शब्द वापरायची कधी वेळच आली नाही. पण रिकाम्या वेळी ती वही चाळायला मला आवडायचं. एकदा वरच्या कोर्टातून माझ्या भाषांतराची तारीफ करणारं पत्रही आलं होतं. ते मी टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं.

खटला असा होता. कारखान्याच्या हंगामात, भर दुपारी, काही लोकांनी एका शेतवस्तीवर जाऊन घर लुटलं. घरात एक म्हातारा आणि त्याची सून होती. म्हाताऱ्याने आरडाओरडा केला म्हणून त्याच्या डोक्यात काठी घातली, तो जागीच गेला. सुनेने सांगितलं, चौघे आत आले होते, बाहेर आणखी कोणी असेल तर मला दिसलं नाही. पोलिसांनी चौघांना पकडलं. त्यातले दोघे आठ-दहा दिवस सोमलाच्या टोळीत काम करून गेलेले निघाले. मग पोलीस फडात गेले. त्यांना पाहून सोमला पळाला. पळाला म्हणून पकडला. का पळालास असं कोर्टात विचारलं तेव्हा तो म्हणाला, पोलीस दिसले की आमच्यातले सगळेच पळतात.

कायद्यात चार आणि पाच यांत फार मोठं अंतर आहे. चौघांनी लुटलं तर ती जबरी चोरी. पाच जण झाले की तो दरोडा. आणि दरोड्यात खून पडला तर काठी कोणाच्या हातात होती हे कोणी विचारत नाही, पाचही जणांना सारखीच शिक्षा. इथल्या न्यायाधीशांनी चौघांना शिक्षा दिली आणि पाचव्याला सोडलं. सरकार अपिलात गेलं. वरच्या कोर्टात दोन न्यायमूर्तींसमोर सुनावणी झाली, आणि त्यांच्यासमोर होतं ते माझं इंग्रजी. 'ही इज अ मेंबर ऑफ द गँग. द गँग हॅड डिसेंडेड अपॉन अवर फील्ड.' पाचवा माणूस मिळाला.

झमकू येऊन गेल्यावर आठवड्याने रझाकवकील माझ्या खोलीत आले. उंच, सावकाश बोलणारा माणूस. पंचवीस वर्षांत आवाज चढवून बोलल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. त्यांनी चहा नको म्हटलं. दिल्लीच्या अपिलात भाषांतराबद्दल हरकत घेतली आहे असं त्यांनी सांगितलं, आणि मी एक प्रतिज्ञापत्र करून द्यावं अशी विनंती केली.

"मोठं काही नको," ते म्हणाले. "साक्षीतली टोळी म्हणजे ऊसतोडीची टोळी, एवढं एक वाक्य लिहा. सबनीस, मी त्या रंगनाथला उलटतपासात एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. का विचारू? तो आमच्या फायद्याचंच बोलत होता. इथे बसलेल्या प्रत्येकाला ते कळत होतं."

मी म्हणालो, विचार करून सांगतो.

त्यानंतर महिन्याभराने दिल्लीच्या कोर्टाचं खुलासा मागवणारं पत्र आलं. ते प्रबंधक बेंद्रे यांच्याकडून माझ्याकडे आलं. बेंद्रे मनाने वाईट नव्हते. हाताखालच्या माणसांना सांभाळून घेणारे होते. त्यांनी मला बोलावून दार लोटून घेतलं आणि विचारलं, काय लिहिणार. मी म्हणालो, चूक झाली असं लिहावं म्हणतो. त्यांनी कपाटातून जाडजूड डिक्शनरी काढली, माझ्यापुढे ठेवली आणि तो शब्द काढायला सांगितला. पहिलाच अर्थ होता, एकत्र काम करणाऱ्या मजुरांचा जथा. गुन्हेगारांचा अर्थ त्याच्या खाली.

रेल्वेवर काम करतात त्यांनाही आपण गँगमनच म्हणतो, याची बेंद्र्यांनी आठवण करून दिली. म्हणजे शब्द बरोबर आहे. वाचणाऱ्याने दुसरा अर्थ घेतला तर त्याला भाषांतरकार काय करणार. आणि समजा मी चूक कबूल केली, तर गेल्या चौदा वर्षांतली माझी सगळी भाषांतरं उकरून काढली जातील. त्यांत फाशीचे खटलेही होते. प्रत्येक आरोपीचा वकील उठून म्हणेल, सबनीसांनी आमच्याही बाबतीत चूक केली.

"एका माणसासाठी शंभर निकाल हलवायचे का, ते तुम्ही ठरवा," ते म्हणाले. "मी तुमच्यावर जबरदस्ती करत नाही."

मी खोलीत परत आलो. दुपारचे तीन वाजले असतील. माझ्या कपाटात प्रत्येक भाषांतराचा कच्चा मसुदा असे. टंकलेखनाला देण्याआधी हाताने लिहिलेला. या खटल्याचा मसुदा शोधायला मला वेळ लागला नाही. साक्षीदार नंबर सातचं पान मी काढलं. त्यात काय आहे हे मला न बघताही ठाऊक होतं. पहिल्या खेपेला मी लिहिलं होतं, 'ही बिलाँग्ज टू अ पार्टी ऑफ केन-कटर्स'. त्यावर आडवी रेघ होती. रेघेवर माझ्याच अक्षरात, जरा दाबून लिहिलेलं, 'गँग'.

माझे वडील साखर कारखान्यात ऊस मोजायच्या वजनकाट्यावर कारकून होते. मॅट्रिक होईपर्यंत मी कारखान्याच्या वसाहतीत वाढलो. वसाहतीच्या तारेपलीकडे दरवर्षी टोळ्या उतरायच्या, उसाच्या वाळक्या पाल्याच्या, पाचटाच्या त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहायच्या. टोळी म्हणजे काय हे मला झमकूने समजावून सांगायची काही गरज नव्हती.

मी ते पान फाडलं. तुकडे खिशात घातले आणि घरी जाताना नदीच्या पुलावरून खाली टाकून दिले. दुसऱ्या दिवशी नऊ ओळींचा खुलासा लिहिला. सदर शब्द हा मूळ मराठी शब्दाचा योग्य व अचूक प्रतिशब्द असून त्यास शब्दकोशाचा आधार आहे. खाली सही. रझाकवकिलांना मी काही कळवलं नाही. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. कोर्टाच्या आवारात समोरासमोर आलो तर ते नेहमीसारखाच नमस्कार करायचे.

दोन वर्षं गेली. झमकूबद्दल अधूनमधून कानावर यायचं. नवरा नसल्याने तिचा कोयता मोडला होता. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात आणि अर्धा कोयता कोणत्याच टोळीला नको असतो. कधी भावाच्या, कधी दिराच्या मागे लागून ती जात होती असं म्हणत.

जूनमध्ये ती पुन्हा आली. या वेळी चारच पानं होती. ती कशाची आहेत हे मला पाहताक्षणी कळलं. तिने ती टेबलावर ठेवली आणि पहिल्यासारखीच दाराशी उभी राहिली. बांगड्या तेवढ्याच होत्या, पण हात सुकल्यामुळे त्या खाली मनगटाशी जमा झाल्या होत्या.

मी वाचलं. अपील फेटाळलं होतं. भाषांतराबद्दलच्या हरकतीला एक परिच्छेद दिला होता. संबंधित भाषांतरकाराचा खुलासा पाहता हरकतीत तथ्य आढळत नाही. मी तो परिच्छेद गाळून बाकीचं सांगितलं.

"मधलं राहिलं," ती म्हणाली.

मी तोही परिच्छेद वाचला. मराठीत सांगितला.

"त्यो शब्द तुमीच लिवलावता न्हवं?"

मी हो म्हणालो.

"मला ठावं हाये. वकीलसायबांनी तवाच तुमचं नाव सांगितलं व्हतं. म्हणून तर कागद घेऊन तुमच्याकडं आले. म्हटलं, वाचताना तुमचं तुमाला दिसंल."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"तुमी बोलाल म्हणून थांबले," ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. तिने टेबलावरची चार पानं उचलली, नीट घडी केली आणि ती गेली.

त्या आठवड्यात मी रझाकवकिलांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. खोडलेला शब्द, फाडलेलं पान, सगळं. त्यांनी ते माझ्या तोंडून ऐकत ऐकत स्वतः लिहून काढलं, मला वाचून दाखवलं आणि सही घेतली. मग चष्मा काढून ते म्हणाले, की आता याचा कोर्टात काही उपयोग नाही, सगळ्यात वरच्या कोर्टाचा निकाल झाला. सरकारकडे दयेचा अर्ज करू, त्याला हे जोडू. दोन वर्षांपूर्वी दिलं असतंत तर, असं काहीतरी त्यांच्या ओठांवर आलं असावं. त्यांनी कागद फायलीत लावला.

अर्ज गेला. उत्तर आलं नाही. पुन्हा गेला. माझ्या प्रतिज्ञापत्राची प्रत फिरत फिरत आमच्या खात्यात आली आणि माझी चौकशी लागली. तीन बैठका झाल्या. यापुढे काळजी घ्यावी अशी लेखी समज देऊन प्रकरण बंद करण्यात आलं. मी आणखी तेरा वर्षं त्याच खोलीत, त्याच पाटीमागे भाषांतरं केली. बेंद्रे म्हणाले होते तसं काहीही घडलं नाही. कोणी काहीही उकरून काढलं नाही.

सोमला चौदा वर्षांनी सुटला. मला हे कळलं तेव्हा माझ्या निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. श्रावणात, टोळ्या घरी असतात अशा दिवसांत, मी त्यांच्या तांड्यावर गेलो. फाट्यावर उतरून कोसभर चालावं लागलं. घर विचारलं तेव्हा लोक माझ्या पायांतल्या बुटांकडे बघत होते.

तो अंगणात बाजेवर बसला होता. मी त्याच्या वयाचा अंदाज बांधून गेलो होतो, पण समोर बसलेला माणूस त्याहून वीस वर्षांनी मोठा दिसत होता. तुरुंगात सतरंज्या विणून बोटं वाकडी झालेली. झमकू आतून बाहेर आली. मला ओळखलं. तिने लमाणीत त्याला दोन शब्द सांगितले. त्याने मान वर केली आणि बाजेवर जरा सरकून मला जागा केली.

मी बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. ते दोघे ऐकत होते. मी संपवलं. त्याने विचारलं, "तुमी मला कधी बघितलं व्हतं का?"

"हो. एकदा. खटला चालू असताना, कोर्टाच्या व्हरांड्यात. तुम्ही चौघे... पाच जण भिंतीला टेकून बसला होता. हातांत बेड्या होत्या. मी तिथून जात होतो."

"मग? काय दिसलं?"

याचं उत्तर देण्यासाठीच मी एवढ्या लांब आलो होतो हे मला तेव्हा कळलं. मसुद्यावर रेघ मारताना माझ्या डोळ्यांसमोर शब्द नव्हता. भिंतीला टेकलेला, पाय पसरून बसलेला, दाढी वाढलेला तो माणूस होता.

"मला तुम्ही चोर वाटलात," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. हे त्याला नवीन नसावं. मग तो बाजेची सैल झालेली सुतळी चाचपू लागला, एका टोकाशी ओढून बघू लागला, आणि मी तिथे आहे हे विसरून गेला.

झमकू माझ्याबरोबर अंगणाच्या टोकापर्यंत आली.

"सांगितलंत, बरं झालं," ती म्हणाली. "आता जावा. परत येऊ नका."

मी गेलो नाही पुन्हा.